नादारी आणि पडकई

शाळेची फी ज्यास माफ होई, त्यास ‘नादारी’ मिळाली असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. मुलाला विद्या द्यावयाची, परंतु तत्पूर्वी बापाच्या दारिद्र्याची नोंद करून घ्यावयाची, हा व्यवहार आम्हांस कधीच रुचला नाही.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, डोंगरातील आदिवासी वाड्यांत, याहून निराळी रीत चालत आली आहे. उतारावर भातखाचर काढणे हे एका घराचे काम नव्हे. दगड उपसावयाचे, बांध घालावयाचा, माती सारखी करावयाची. त्यासाठी वाडीतील माणसे आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या, अशी जमतात. हीच पडकई. मजुरी नाही, ज्याचे काम त्याने जेवू घालावे आणि पुढे आपलेही हात द्यावेत. येथे नादार कोणीच नसतो.

शाळा अशी चालेल काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती चालवून दाखविली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व अंगमेहनत करून शिकत. पैशाची तंगी झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. गरजू विद्यार्थी तासांच्या हिशेबाने काम करतो व मानधन घेतो.

योजना उत्तमच. तरी एक शल्य उरते. आमच्या परिचयाच्या एका मुलास असेच बागेचे काम मिळाले होते. त्याने ते सोडून ग्रंथालय मागून घेतले. कारण विचारता म्हणाला, “काका, तिथं आत असतं, कुणाला दिसत नाही.” साताऱ्यास श्रम सर्वांचे होते, म्हणून तेथे लपावे कोणापासून? केवळ गरजूनेच खुरपे धरावयाचे ठरले, की ते खुरपे नादारीचा दाखलाच होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, खासगी शाळेने फीच्या बदली घरच्या माणसांचे काम घ्यावयाचे तर फी भरणाऱ्या घरांनाही त्यातून सूट देऊ नये. वकिलाने हिशेब तपासावेत, शेतकऱ्याने कुंपण दुरुस्त करावे, आणि दोघांचा तास वहीत एकाच मोलाने मांडावा. वही मात्र हवीच. नाहीतर ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेला पालक फुकटचा गडी होऊन बसेल.

आणि शाळेने पंचांगही पाहावे. आषाढात भाताच्या लावणीला, उन्हाळ्यात हिरड्याला, घरातील झाडून सारी माणसे रानात असतात. त्या दिवसांत बापास शाळेची भिंत रंगवावयास बोलाविले, तर त्यास ती फीपेक्षा महाग पडावयाची.