समुद्र न गांठणारी नदी

संस्कृत कोशांत समुद्राला 'सरित्पति' असें एक नांव आहे. नदी म्हटली कीं तिनें शेवटीं समुद्रास मिळावयाचें, हेंच आम्ही शाळेंत शिकलों आणि पुढें तीस-पस्तीस वर्षें इतरांस शिकवीत आलों. गेल्या जुलैंत मात्र, समुद्राचें तोंडहि न पाहणाऱ्या एका नदीच्या पाण्यावर आम्ही तीन दिवस राहून आलों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त आफ्रिकेंत, बोट्स्वानाच्या राजधानींत असतात. ते, सूनबाई, त्यांचे दोन स्नेही, सौ. व आम्ही असे सहाजण माऊन गांवीं पोहोंचलों. ओकावांगो नदीचें जलारण्य येथून जवळच. ही नदी उगम पावते अंगोलाच्या उंच प्रदेशांत. पण कालाहारीच्या वाळूंत शिरल्यावर हाताच्या बोटांप्रमाणें फांकते आणि तेथेंच संपते. बहुतेक पाणी ऊन व वनस्पति मिळून पिऊन टाकतात. त्यांतहि नवल असें कीं, अंगोलांत पाऊस पडतो वर्षाच्या आरंभीं, पण जमिनीला उतार इतका अल्प कीं तें पाणी माऊनजवळ येईपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आकाश कोरडें ठणठणीत आणि जमिनीवर पूर! ज्या देशानें आपल्या चलनालाच 'पुला' म्हणजे 'पाऊस' असें नांव दिलें, त्याला या पुराची किंमत वेगळी सांगावयास नको. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत २०१४ सालीं हें स्थळ आलें, तें एक हजारावें.

तेथील नावेला मोकोरो म्हणतात. पूर्वीं ती एकाच झाडाचा बुंधा कोरून करीत. आतां मोठीं झाडें वांचावींत म्हणून पुष्कळशा नावा काचतंतूंच्या घडवितात. आकार तोच, अरुंद, उथळ, कांठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. दोघांनीं एकामागें एक पाय पसरून बसावयाचें आणि नावाड्यानें मागच्या टोंकावर उभें राहून लांब काठीनें तळ रेटावयाचा. ही विद्या या पाण्यांत बायेई लोकांनीं आणली असें सांगतात. आमचा नावाडी त्यांपैकींच, पंचविशीच्या आंतला. त्यानें आम्हांस 'दुमेला, रा' व सौ.स 'दुमेला, म्मा' असा नमस्कार केला. नमस्काराला वडीलधाऱ्यांचें संबोधन जोडण्याची ही रीत पाहून आम्हांस घरच्यासारखें वाटलें.

पहिला दिवस डोळे भरून पाहण्यांतच गेला. पाणी इतकें स्वच्छ कीं तळची वाळू दिसावी. दोहों बाजूंस उंच लव्हाळी, मध्यें पांढरीं फुलें. सूनबाई त्यांना कमळें म्हणाल्या. वस्तुतः तीं कुमुदें, आणि हा भेद आम्हीं नावेंतूनच ओरडून समजावून दिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जें घडलें तें लिहिण्यास संकोच वाटतो. एका वळणावर नावाड्यानें काठी रोवून नाव थोपविली व हात वर केला. आम्हीं मागें वळून, "काय झालें? कां थांबलास?" असें वर्गांतल्या आवाजांत विचारलें. नाव डचमळली. त्यानें पुन्हां हात केला. आम्हीं पुन्हां विचारलें. इतक्यांत पुढें पंधरा-वीस हातांवर पाणी उसळलें आणि पाणघोड्याचें डोकें वर आलें. त्यानें जबडा उघडला. ती जांभई वाटते, पण असते धमकी. नावाड्यानें एक शब्दहि न बोलतां नाव मागल्या मागें रेटून उथळ पाण्यांतील लव्हाळ्यांत घातली. खोल पाणी पाणघोड्याचें, उथळ माणसाचें, असा तेथील अलिखित करार आहे. सौ. पुढें बसली होती. तिनें वळून न पाहतांच हात मागें केला. तो थंड पडला होता.

मुक्कामावर आम्हीं चिरंजीवांमार्फत नावाड्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "रा, मला तो दिसला नव्हता. त्याचा श्वास ऐकूं येतो का, एवढेंच मी ऐकत होतों."

जन्मभर 'लक्ष द्या रे' म्हणून टेबलावर छडी आपटणाऱ्या आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं.

त्या रात्रीं शेकोटीपाशीं त्यांचें जोंधळ्याच्या पिठाचें 'बोगोबे' व आमचें पिठलें यांची देवघेव झाली. तिखटानें नावाड्यांचे डोळे पाणावले, पण वाडगा कोणीं खालीं ठेवला नाहीं. आपल्याकडे दक्षिणेस कललेला वृश्चिक येथें थेट माथ्यावर होता. पहाटे थंडीनें जाग आली, तेव्हां तंबूच्या दारांतून आग्नेयेस अगस्ति दिसला. समुद्र प्राशन करणारा तो मुनि. अख्खी नदी पिणाऱ्या या भूमीवर त्याला पाहून आम्हीं पांघरुणांतूनच हात जोडले. बाहेर पडण्याची आज्ञा नव्हती. रात्रीं पाणघोडे चरावयास वर येतात.

तिसऱ्या दिवशीं एका बेटावर पायीं फिरलों. येथील पुष्कळ बेटें मूळ वाळवीच्या वारुळांवर झालेलीं आहेत. वारूळ पाण्यावर डोकें काढतें, त्यावर झाडें रुजतात. तीं भोंवतालचें पाणी ओढून घेतात आणि क्षार बेटाच्या पोटांत सांठत जातात. म्हणून मध्यभाग पांढरा, उजाड, आणि बाहेरचें पाणी गोड. समुद्रास न मिळणारी नदी खारी कां होत नाहीं, ही आमची शंका अशी वारुळापाशीं फिटली.

परततांना त्याच वळणावर नाव थांबली. या वेळीं आम्हीं विचारलें नाहीं. लव्हाळ्यांतून वारा, कुठेंतरी एका पक्ष्याची हांक, आणि मग दूर उजवीकडे भात्यासारखा एक लांब फुत्कार. आम्हीं हळूच उजवा हात वर केला. नावाड्यानें नाव डावीकडे वळविली.