खिंडार

"नाऊ देन," व्याही म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात दगड दिला.

मला येऊन तीन दिवस झाले होते आणि तीन दिवसांत त्यांच्या तोंडून मी हेच दोन शब्द ऐकत होतो. सकाळी दारात भेटले की नाऊ देन, चहाला टेबलाशी बसले की नाऊ देन. शब्दश: म्हणजे ‘आता मग’. यावर माणसानं बोलायचं काय? लेकीला विचारलं तर ती हसायला लागली. "बाबा, आपण ‘काय मग?’ म्हणतो ना, तसंच ते. तुम्ही पण उलट नाऊ देन म्हणा, झालं." राजापूरच्या स्टँडवर तीस वर्षं कंडक्टरकी करताना मी ‘काय मग?’ला ‘काय मग’ म्हणूनच उत्तर दिलं होतं. म्हणजे यॉर्कशरची निम्मी भाषा मला येतच होती.

दगड चपटा होता, करडा, एका अंगानं शेवाळलेला. जांभ्याच्या सवयीनं मी सैल हातानं धरला आणि मनगट खाली गेलं. आपला जांभा भोकाभोकांचा, पावसाचं पाणी पिऊन तांबडा होणारा. हा भरीव, आणि एप्रिलच्या उन्हातही बर्फासारखा गार. समोर त्यांच्या कुंपणाच्या भिंतीला चांगलं तीन-साडेतीन मीटरचं खिंडार पडलं होतं. दगड गवतात पसरले होते, आणि पलीकडच्या चढावर काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या मेंढ्या चरायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या.

भिंत म्हणतो खरा, पण पहिल्या दिवशी गाडीतून पाहिली तेव्हाच माझ्या तोंडून निघालं होतं, "अगो, हा तर गडगा!" ना चुना, ना सिमेंट, ना माती. नुसता दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला इंग्लंडात येऊन गडगा दिसावा, याचं मला जितकं अप्रूप वाटलं तितकंच वाईटही वाटलं. कारण गडगा म्हटलं की आमच्या घरात भांडण.

ते भांडण थोडक्यात सांगतो, लांबवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या आणि चुलतभावाच्या परड्यांमध्ये गडगा आहे. दर पावसाळ्यात तो कुठे ना कुठे ढासळायचा आणि दर वर्षी रचताना हातभर सरकायचा. चुलतभाऊ म्हणायचा आमच्याकडून सरकतो, आम्ही म्हणायचो त्याच्याकडून. अकरा वर्षं कोर्टात तारखा झाल्या. त्या अकरा वर्षांत कुणीच दगडाला हात लावला नाही, कारण लावला तर वकील म्हणणार ‘कब्जा’. गडग्याची झाली रास, राशीवर चढली घाणेरी. वडील गेले, तो गडगा तसाच राहिला. मी लहान असताना मात्र तेच वडील वैशाखात गडगा घालायला बसायचे आणि मी त्यांना दगड आणून द्यायचो. त्यानंतर थेट त्रेसष्टाव्या वर्षी, स्वेलडेल नावाच्या दरीत, व्याह्यांनी माझ्या हातात दगड ठेवला.

लेक इकडे नर्स म्हणून आली ती इथलीच झाली. जावई दिवसा वायरमनचं काम करतो आणि उरलेल्या वेळात बापाला मेंढरांमागे मदत करतो, कारण डोंगरातल्या मेंढरांवर एका घराचं भागत नाही. सहा महिन्यांचा व्हिसा, एप्रिल ते सप्टेंबर. मी मनात धरलं होतं की खुर्ची टाकून बसायचं, नातीशी मराठीत बोलायचं आणि डोंगर बघायचे. पण शेतकऱ्याच्या घरी पाहुणा फार दिवस पाहुणा राहत नाही, हे इथेही खरं निघालं.

त्यात एप्रिल म्हणजे इथे मेंढ्या विण्याचे दिवस. घरातलं माणूस रात्रीतून दोनदा उठून गोठ्यात जाणार. एका रात्री मीही गेलो. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं होतं आणि दुसरीकडे एका मेंढीला तिळं झालं होतं. तिला तिघांना पाजणं जमणारं नव्हतं. व्याह्यांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, चार पाय काढायला चार भोकं ठेवली आणि तिळ्यातल्या एकाला ते सदऱ्यासारखं चढवून कोकरू गेलेल्या मेंढीपुढे सोडलं. मेंढीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि पाजलं. आपल्याकडेही वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं करतात. पण ते दुधासाठी. इथे त्या फसवणुकीतून एका पोरक्याला आई मिळाली. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं तेव्हा मेंढीला त्याची गरजच उरली नव्हती. व्याही हात धूत होते. मी म्हटलं, "नाऊ देन." त्यांनी मान हलवली. आमचं पहिलं संभाषण ते.

गडगा घालण्याचं शिक्षणही असंच, विनाशब्द. पहिल्या दिवशी त्यांनी पडलेले दगड आकाराप्रमाणे गवतात मांडले. मोठे पायाजवळ, मधले त्यामागे, माथ्यावर उभे लावायचे ते सगळ्यांत लांब. हे वडीलही करायचे, फक्त ते मांडताना शिव्या घालायचे. मग मी पाहिलं की ही एक भिंत नाहीच, दोन आहेत. दोन पाळी समोरासमोर, वर जाताना एकमेकींकडे कलत जाणाऱ्या, मध्ये पोकळी. त्या पोकळीत मूठ-मूठ एवढ्या कपच्या भरायच्या. फावड्यानं ओतायच्या नाहीत, एकेक हातानं बसवायची. ते काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, नवख्याला हलकं काम दिलंय. मी भराभर टाकायला लागलो तर व्याही काही न बोलता वाकले आणि मी टाकलेलं सगळं बाहेर काढून ठेवलं.

मग कळलं की गडगा पडतो तो आतून. बाहेरचे दगड कितीही देखणे बसवा, आतली भर सैल असली की ती हळूहळू खाली बसते, बाहेरच्या दगडांना ढकलते, गडग्याला पोट येतं आणि एके दिवशी पावसात किंवा बर्फ वितळताना सगळं अंगावर येतं. म्हणून भर घट्ट लागते. म्हणूनच निम्म्या उंचीवर मधूनमधून एक लांब दगड आडवा घालतात, या पाळीपासून त्या पाळीपर्यंत, दोघींना बांधून ठेवणारा. आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. खाली दोन असतील तर वर एक, खाली एक असेल तर वर दोन. आणखी एक नियम त्यांनी मला बोटानं खूण करून शिकवला: उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही. जागा नाही सापडली तर सापडेपर्यंत फिरव. कंडक्टरकीत मी एवढंच तर केलं होतं. पंचावन्न माणसांच्या गाडीत ऐंशी चढली की कुणाला खाली उतरवायचं नाही, जागा होते.

यॉर्कशरच्या ज्या राष्ट्रीय उद्यानात ही दरी येते, तिथे असे गडगे आठ हजार किलोमीटरहून जास्त आहेत. उद्यान म्हटल्यावर मला वाघ आठवले होते. इथे उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत आणि माणसं मेंढरं पाळून आहेत. १९५४ साली हे उद्यान झालं. दरीच्या तळाशी, गावाजवळचे गडगे वाकडेतिकडे, पाय नेतील तसे गेलेले. वर डोंगरावर मात्र पट्टीनं आखल्यासारखे सरळ, चढावावरून थेट आभाळात जाणारे. हे वरचे बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. तोवर तो डोंगर गायरान होता, सगळ्यांच्या चार जनावरांचा. पार्लमेंटनं कायदे केले, गायरानं वाटून टाकली, ज्याच्याकडे जमीन होती त्याला आणखी मिळाली आणि ज्याच्याकडे चारच जनावरं होती तो मजुरीला गेला. पर्यटक येऊन या सरळ रेघांचे फोटो काढतात आणि त्या सुंदर दिसतातही. पण डोंगरावर सरळ रेघ दिसली की समजावं, ती आधी कुठल्यातरी कचेरीत कागदावर ओढली गेली. आमचा गडगा निदान हातहातभर तरी सरकायचा.

एका गोष्टीत मात्र त्यांना मानलं. इथे कित्येकांच्या खासगी शेतातून वाट जाते आणि त्या वाटेनं कुणीही चालू शकतं. गडग्यात वर चढून पलीकडे उतरायला लांब दगडांच्या पायऱ्या काढलेल्या असतात, शेजारी खांबावर पिवळा बाण. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वहिवाट. १९४९च्या कायद्यानं या वहिवाटा नकाशावर चढल्या आणि शेतकऱ्याला त्या अडवता येत नाहीत. एकदा आमच्या शेतातून आठ-दहा अनोळखी म्हातारी माणसं काठ्या टेकत गेली. मी सवयीनं उठून विचारणार होतो, कुठले तुम्ही? व्याही चहा पीत राहिले. नुसती कपावरची बोटं त्यांनी उचलली, म्हणजे राम राम झाला.

आमच्या नात्याची एक अडचण मला जून महिन्यात समजली. व्याही मला हॉज गावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेले होते. तिथे लिलाव पुकारणारा इतका भराभर बोलतो की मला वाटलं कीर्तनाची लय वाढली. एका ओळखीच्याला माझी ओळख करून देताना व्याही थांबले, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "हे आमच्या पोराच्या बायकोचे वडील." इंग्रजीत व्याही या नात्याला शब्दच नाही! एवढी मोठी भाषा, जगभर राज्य केलं आणि दोन मुलांच्या बापांना एकमेकांचं कोण म्हणायचं ते ठरवलं नाही. घरी आल्यावर मी नातीकरवी त्यांना शब्द शिकवला. ‘व्या’ जमेना. "याही" म्हणाले. चाललं.

विहीणबाई बोलक्या. पहिल्याच आठवड्यात माझं कोकम संपलं तेव्हा त्यांनी परसात नेऊन तांबड्या देठांचा रुबार्ब दाखवला. इथे लोक तो साखर घालून गोड करतात. मी एक देठ चावून पाहिला आणि कान गरम झाले, इतका आंबट. पानं विषारी, ती टाकायची. देठ चिरून तुरीच्या आमटीत घातले, वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. व्याह्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि तिसरी मागितली नाही, पण ताट पावानं पुसलं.

संध्याकाळ इथे संपतच नाही. जूनमध्ये पावणेदहाला सूर्य मावळतो आणि अकरापर्यंत उत्तरेला उजेड राहतो. त्या उजेडात डोंगरावर कर्ल्यू ओरडतो. बाकदार लांब चोचीचा पक्षी, आवाज आधी खालून उकळत येतो आणि मग गळ्यात फुटतो. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांच्या चिखलात चोच खुपसून फिरतात. पण तिथे मी त्यांना असं गाताना कधी ऐकलं नव्हतं. सासरी गप्प असलेल्या बाईचं माहेरी गेल्यावर तोंड सुटावं, तसं ते मला वाटलं. लेकीच्या बाबतीत उलट. माझी लेक राजापुरात तोंड उघडत नसे. इथे गोठ्यात उभी राहून कुत्र्यावर यॉर्कशरी हेल काढून ओरडते. मी ऐकतो. कुठलं तिचं सासर नि कुठलं माहेर, मला सांगता येणार नाही.

जुलैत लोकर कातरली. एका मेंढीची लोकर एका तुकड्यात, उलट्या झग्यासारखी उतरते, हाताला तूप लावल्यागत तुपकट लागते. तिला भाव इतका कमी की कातरण्याची मजुरीही सुटत नाही. कातरायची ती मेंढीला किडे पडू नयेत म्हणून. कातरून सोडताना नातीनं मोजणी केली. शाळेत तिला या भागातली जुनी मोजणी शिकवली आहे: यान, टान, टेदर, मेदर, पिप. पाचाला पिप, दहाला डिक. वेल्श आकड्यांशी याचं नातं सांगतात. दरीदरीला उच्चार बदलतो. गंमत म्हणजे ही मोजणी विसापर्यंतच जाते. वीस झाले की खडा बाजूला टाकायचा किंवा काठीवर खाच पाडायची आणि पुन्हा यानपासून सुरुवात. मी उडालोच. देशावर बदली होती तेव्हा गाडीपुढे कळप आला की धनगराला विचारायचो, "किती आहेत?" तो म्हणायचा, "पाच खंडी." खंडी म्हणजे वीस. व्याह्यांना हे सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. मी जमिनीवर पाच खडे मांडले, मेंढरांकडे बोट केलं, म्हटलं, "खंडी." त्यांनी खडे पाहिले. वाकून आणखी सात मांडले. बारा खंडी होती त्यांच्याकडे. दोघंही बराच वेळ त्या बारा खड्यांकडे बघत उभे राहिलो.

खिंडार ऑगस्टमध्ये बुजलं. माझ्यापायी उशीरच झाला, ते एकटे असते तर चार दिवसांत उरकले असते. शेवटचे उभे दगड माथ्यावर लावले आणि त्यांनी वर चढून गडगा पायानं हलवून पाहिला. हलला नाही. जुना भाग शेवाळानं करडा-हिरवा आणि मधलं नवं काम उघडं, फिकट. नव्या दातासारखं लांबून दिसत होतं. नातीनं विचारलं, हे रंग सारखे कधी होतील? तिची आजी म्हणाली, तू माझ्याएवढी झालीस की.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. व्याही काठी घेऊन दारात आले, मला मानेनं खूण केली. आम्ही आमच्या कामाच्या जागेवरून पुढे गेलो, थांबलो नाही. ओढ्याच्या वळणावर गडग्याला चांगलं पोट आलं होतं. त्यांनी काठी त्या पोटाला लावली.

"वसंतापर्यंत नाही टिकत," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "एप्रिलला येशील, याही?"

माझे हातमोजे गोठ्याच्या खिळ्यावर लटकत होते. ते मी सामानात घेतले नाहीत.