मृगाच्या आत लडाख

मुलांच्या परीक्षा संपत आल्या. यंदाच्या मे महिन्यात सगळ्यांनी लडाखला जायचं, असं घरात ठरतंय. अडचण तारखांची आहे. मनाली-लेह रस्त्यावरचा बर्फ हटून वाहतूक सुरळीत व्हायला अनेकदा जून उजाडतो, आणि मृग लागायच्या आत आम्हाला बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशला शेतावर हजर राहावंच लागतं. म्हणून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढं लेहला विमान, असं मी सुचवलंय. लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर. तिथं विमानानं एकदम उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची. आईला नेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

मला ओढ आहे ती हेमिस राष्ट्रीय उद्यानाची. सुमारे 4400 चौरस किलोमीटरचा, हिमबिबट्याचा हा मुलूख. पण त्याहून जास्त ओढ पाण्याच्या गोष्टीची. आपला बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तर लडाख हिमालयाच्या. लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. तरीही वितळत्या बर्फाच्या पाण्यावर तिथं जव पिकतं. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी हिमस्तूप उभे केले: हिवाळ्यात वाया जाणारं पाणी पाइपातून उंच उडवून गोठवायचं आणि वसंतात शेताला द्यायचं. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या घरातल्या मुलांना हे कळायलाच हवं.

दुष्काळी भागातल्या पालकांनो, जमेल तेव्हा मुलांना लडाख दाखवा. आणि तिथं गेल्यावर पाणी आपल्या गावातल्यासारखंच जपून वापरा.