उद्यापन नसलेली सवय

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुमे,

टोरांटोहून तू विचारलंस, "वजन उतरतं गं, पण टिकत का नाही?" अगं, उतरवण्यात आपण पटाईतच की! सोळा सोमवार करायचे, सतराव्याला उद्यापन, की मोकळ्या. डाएटचंही तेच. काही महिने पथ्य आणि उद्यापनाला आपला गोड कुंदा! शरीर मात्र इतक्या लवकर मोकळं होत नाही. वजन घटलं की त्याला कमी अन्न पुरतं, भूक मात्र वाढते. मग जुनं ताट परत आलं की जुनं वजनही मागोमाग येतं.

अमेरिकेत 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री' १९९४ पासून चालू आहे. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्यांचीच तीत नोंद होते. त्यांच्या सवयी अगदी साध्या: बहुतेकजण रोज तासाभराची हालचाल करतात, न्याहारी करतात, टीव्ही कमी बघतात आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. इकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकणारे दोनदाच जेवतात, तेही प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. मग न्याहारी करायची की नाही? मला विचारशील तर भांडण न्याहारीचं नाहीच. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि अधेमधे तोंड चालू नसावं, एवढं सांभाळलं की झालं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

निपाणी-चिक्कोडीकडची जैन घरं आठवतात? दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपलेली. ते धर्म म्हणून पाळतात, वजनासाठी नव्हे. पण मला त्यातली खुबी वेगळीच वाटते. सगळ्या घराची वेळ एक असली की एकटीला निग्रह करत बसावं लागत नाही. नवरा टीव्हीपुढे शेव खातोय आणि आपण काकडी चघळतोय, हे किती दिवस चालणार?

तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं म्हणालीस, तर भाकरी कर. पण पौष्टिक म्हणून चार खाऊ नकोस! ज्वारी आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच. भाकरी सावकाश चावून खावी लागते आणि भरपूर भाजी मागते, तोच तिचा फायदा. शेंगदाण्याची चटणी चमचाभरच.

चालायला मी इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडीत जाते. आपला पाऊस तुला ठाऊकच आहे, तेव्हा धो धो कोसळला की घरातल्या घरात फेऱ्या आणि जिना. तुझ्या बर्फालाही हाच उपाय. चालणं बुडता कामा नये, जागा कुठली का असेना. काट्याबरोबर फीतही ठेव. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात.

कुंदा सोडू नकोस, बाई. सोडलेली वस्तू रात्री स्वप्नात येते. जेवणानंतर वाटीत काढून घ्यायचा आणि डबा कपाटात. सणाच्या एका दिवसानं कोणी जाड होत नाही. उरलेला फराळ पुढं पंधरा दिवस चालतो, त्यानं होतं.

तेव्हा पहिली सवय एकच लाव, पण घरातल्या सगळ्यांना घेऊन. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरव आणि भाऊजी काय म्हणतात ते कळव.

तुझी,
बेळगावची मैत्रीण