तुम्ही ज्यू कशावरून?

डिमोनात कोथिंबीर घ्यायला हिब्रू यायलाच पाहिजे असं नाही. दुकानदाराचे आईवडील अलिबाग, पेण, रोहा या भागातून आलेले असतात आणि गल्ल्यावर म्हातारी बसलेली असेल तर ती सरळ मराठीत हिशेब सांगते. नेगेव वाळवंटातलं हे गाव १९५५ साली वसवलं गेलं. भारतातून आलेल्या ज्यूंची वस्ती इथे एवढी आहे की लोक त्याला ‘लिटल इंडिया’ म्हणतात. मी राहतो त्या बीरशेबा शहरातून तासाभराच्या आत तिथे पोचता येतं. शेव, पापडी, सोनपापडी, कढीपत्ता, तुरीची डाळ, सगळं मिळतं. वऱ्हाडातल्या माणसाला तुरीच्या वरणाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे माझी फेरी ठरलेली असते.

बीरशेबात मी खाऱ्या जमिनीवर काम करतो. अमरावतीजवळच्या भातकुलीच्या माणसाला तो विषय लहानपणापासून पाठ असतो. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा, काळी भारी जमीन आणि ओठाला न लागणारं विहिरीचं पाणी. इथे जवळच हात्सेरिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, १९६५ साली नेताफिम ही ठिबक सिंचनाची कंपनी सुरू झाली. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागांत आज ज्या नळ्या दिसतात त्यांचं मूळ या भागात आहे. पाण्यावर मी या सदरात आधी लिहिलं आहे. गाझा इथून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. हल्ल्याचे भोंगे वाजले की गाठायच्या सुरक्षित खोल्या आणि दोन्ही बाजूंनी मेलेली माणसं, यांवरही लिहिलं आहे. आज लिहायचं आहे ते ज्यांच्यामुळे या शहरात माझ्या कानावर रोज मराठी पडते, त्या कोकणातून आलेल्या ज्यूंबद्दल, म्हणजे बेने इस्रायल लोकांबद्दल. आई फोनवर दर वेळी विचारते, “तिथं आपलं कोनी हाय का रे बाप्पा?” आहेत, आणि फार जुने आहेत.

त्यांची कथा कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत. काळ साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला सांगतात. त्याला ते एक आधार देतात: हनुक्का हा सण त्यांना मुळात ठाऊकच नव्हता. जेरुसलेमच्या मंदिराचं शुद्धीकरण इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराला झालं आणि त्याच्या आठवणीत हनुक्का सुरू झाला. म्हणजे त्यांचे पूर्वज त्याआधीच निघालेले असावेत, असा त्यांचा युक्तिवाद. इतिहासकार यावर वाद घालतात, त्यांनी घालावा. मला या कथेपेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

ही माणसं कोकणातल्या गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर. धर्मग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू विसरली होती. उरलं काय? शनिवारची सुटी, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. सणांनाही मराठी नावं पडली. रोश हशनाह झाला ‘नव्याचा सण’, सुकोत ‘खिरीचा सण’, तिशा बआव ‘बिरड्याचा सण’. आणि योम किप्पूरला सगळं घर दारं लावून आत बसायचं, म्हणून दारं बंद करण्याचा सण. पुढे दाविद राहाबी नावाचा कुणी परदेशी ज्यू त्यांच्यात आला. त्याने बायकांना मासे निवडायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. मोशेच्या नियमशास्त्रात खायला चालणाऱ्या माशांची खूण हीच आहे. राहाबीला पटलं, हे आपलेच.

मला या गोष्टीतली ती परीक्षा फार शहाणपणाची वाटते. त्याने वंशावळ मागितली नाही, स्वयंपाकघर पाहिलं. ज्यू विचाराचा एक मोठा भाग असाच आहे: काय मानता यापेक्षा काय पाळता, कसे जेवता, कोणत्या दिवशी हात थांबवता, याला तिथे वजन आहे. भातकुलीत वाढलेल्याला हे कळायला अवघड जात नाही. आमच्या गावात आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, लांबून यात्रेकरू येतात. सूर्य बुडाल्यावर न जेवणाऱ्या घरांना तुम्ही जैन कशावरून, असं गावात कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

इथे मात्र तो प्रश्न विचारला गेला, आणि ज्यूंनीच ज्यूंना विचारला.

आधी भाकरीवरून. १९४९-५० च्या सुमाराला मुंबईहून आलेल्या काही कुटुंबांना बीरशेबात आणून ठेवलं. वाळवंटातलं नवं गाव, कामं मजुरीची, आणि वागणूक रंग पाहून. आम्ही काळे म्हणून आम्हाला काळा पाव खा असं दुकानात सांगतात, अशी त्यांची तक्रार त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आली. १९५१ च्या अखेरीस त्यांनी तेल अवीवला ज्यू एजन्सी या ज्यूंच्या स्थलांतराचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या दारात ठिय्या दिला, उपोषण केलं. मागणी एकच होती: आम्हाला भारतात परत पाठवा. ज्या देशासाठी दोन हजार वर्षं प्रार्थना केली तिथून परत जायचं, आणि तेही उपोषण करून, यामागे मनात काय झालं असेल! १९५२ ते १९५४ या काळात ज्यू एजन्सीने तीनशेहून जास्त लोकांना परत पोचवलं. त्यातले बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला आले. बीरशेबाच्या ज्या जुन्या भागात मी संध्याकाळी फिरायला जातो, तिथे या गोष्टीची खूण म्हणून काही उभं नाही.

दुसरा प्रश्न लग्नाचा, आणि तो अधिक खोल गेला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाकडेच लागतात. १९६२ साली मुख्य रब्बी (धर्मगुरू) यित्झाक निस्सीम यांच्या काळात धर्मपीठाने विवाह निबंधकांना सूचना दिली: बेने इस्रायल वधू किंवा वर लग्नाला आले तर त्यांच्या आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासा. शंका अशी की शतकानुशतकं रब्बींशिवाय राहिलेल्या या लोकांनी घटस्फोट आणि विधवेचे दिराशी संबंधित विधी शास्त्राप्रमाणे केले असतील का, आणि नसतील तर पुढची संतती लग्नाला पात्र धरायची का. शास्त्री लोकांच्या दृष्टीने मुद्दा तांत्रिक होता. ज्या मुलीचं लग्न ठरलं होतं तिच्या दृष्टीने तिच्या आजीच्या अब्रूचा होता.

कोकणातल्या खेड्यातून कुणाच्या पणजीच्या लग्नाचा कागद आणणार? लोक रस्त्यावर आले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला मोर्चे निघाले, माणसं बायकापोरांसह ठाण मांडून बसली. अखेर त्या वर्षी १७ ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, इतरांहून वेगळे नाहीत, आणि सरकारला या प्रकरणी धर्मपीठाने तोडगा काढणं आवश्यक वाटतं. पंतप्रधान होते लेवी एश्कोल. त्याच महिनाअखेरीस धर्मपीठाने आपल्या सूचनेतून त्यांचं नाव काढलं. माझ्या मते मराठी माणसांनी परदेशात लढलेली ही सर्वांत मोठी नागरी लढाई आहे, आणि आपल्याकडे तिचं नावही कुणी घेत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. या समाजात स्वतःतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. ज्यांच्या पूर्वजांनी बाहेरच्या बायकांशी संसार केला असं मानलं जाई, ते काळे. त्यांच्याशी गोरे लग्नसंबंध करत नसत. जातीचा हा संस्कार आपल्याच मातीने त्यांना दिला. इथे आल्यावर रंगाच्या आणि रक्ताच्या तराजूत सगळेच बसले, तेव्हा गोरे-काळे हा भेद फारसा उरला नाही.

आता ज्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं ते. डिमोनात एका मावशींच्या घरी मला मलिद्याला बोलावणं आलं. नातू सैन्यातून सुखरूप परत आला, त्याचा नवस होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर मोठं ताट. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, गूळ, वेलची. भोवती केळी, खजूर, सफरचंदं आणि इतर फळं. मावशी खोबरं स्वतः खवतात, विकतचं चालत नाही. पुरुषांनी डोक्याला टोप्या घातल्या, हिब्रू आशीर्वाद म्हटले, मग सगळ्यांनी मिळून ‘एलियाहू हन्नाबी’ गायलं. एलिया संदेष्टा हा त्यांचा खास. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे असं ते मानतात, आणि भारतात गेले की तिथे जातात. हा विधी बाकीच्या ज्यूंत नाही. आशीर्वाद हिब्रू, पोहे कोकणातले, आणि मधे मावशींचं चाललेलं, “अरे पोरा, नीट बस, ताटाला पाय लागेल.”

त्या माझं गाव कुठलं ते विचारत होत्या. मी त्यांना आमच्याकडची कथा सांगितली: कृष्णाने रुक्मिणीला नेलं, तिचा भाऊ रुक्मी मागे धावला, हरला, बहिणीला सोडवल्याशिवाय कौंडिण्यपूरला तोंड दाखवणार नाही असं बोलून बसला होता, म्हणून परत न जाता त्याने भोजकट नावाचं नवं नगर वसवलं, तेच आमचं भातकुली असं मानतात. मावशी म्हणाल्या, “म्हणजे तुमचंही गाव परत न गेलेल्यांचं!” आणि सुनेला हिब्रूत सगळी कथा सांगू लागल्या. कशावरून असं त्यांनी विचारलं नाही.

मलिद्यानंतर त्यांनी कपाटातून एक वही काढली. त्यात कीर्तनाची पदं होती, साक्या, दिंड्या, ओव्या. विषय योसेफ आणि त्याचे भाऊ. १८८० च्या सुमाराला मुंबईत बेने इस्रायल कीर्तन सुरू झालं. हरदासांची पद्धत तीच, पूर्वरंग-उत्तररंग तोच, आख्यान तोराह या ज्यू धर्मग्रंथातलं. बेंजामिन सॅम्युएल अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. गाडगेबाबांच्या मुलखातून आलेल्या मला कीर्तन घरचं वाटतं. मावशींनी चष्मा लावून, बोटाने ताल धरून दोन पदं म्हटली तेव्हा मी डोळे पुसले. त्यांच्या नातवाला त्यातलं काहीच समजत नव्हतं. तो शांतपणे ऐकत होता, पण त्याची भाषा हिब्रू आहे.

अडचण ही आहे. या लोकांनी मराठीत केवढं काम करून ठेवलं! मुंबईतलं पहिलं ज्यू प्रार्थनास्थळ सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्याला ते मशीद म्हणत आणि आजचं मशीद बंदर स्टेशन त्याच परिसरात आहे. वल्हांडण सणाच्या प्रार्थनाविधीची पोथी, हग्गादा, मराठीत १८४६ साली मुंबईत छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात पुन्हा निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांच्या समाजाने मुंबईला डॉ. एलिजा मोझेस हे महापौर दिले, डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या स्त्रीरोगतज्ज्ञ दिल्या, आणि निस्सीम इझिकेल यांच्यासारखा कवी. इस्रायलमध्येही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं, महाराष्ट्र दिन साजरा केला, आणि १९९६ साली जागतिक मराठी परिषद जेरुसलेमला भरली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं, पण तोवर राज्यात ते जेमतेम काही हजार उरले होते. १९४८ च्या आसपास वीस हजारांच्या घरात होते.

मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्तपुराणाला जागा आहे, मुस्लिम मराठी संतकवींवर ग्रंथ आहेत. बेने इस्रायल कीर्तनं मात्र बहुतेक पदवीधरांच्या कानावरही गेलेली नसतात. हा आपला दोष आहे, त्यांचा नाही. त्यांनी भाषा सातासमुद्रापार सांभाळली.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या मराठीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. संत गाडगे बाबा विद्यापीठात कुणी संशोधनाचा विषय शोधत असेल तर हा घ्या. इकडे येणं शक्य नसेल तर फोनवरून, व्हिडिओवरून ध्वनिमुद्रण करता येईल. घरं आणि माणसं मी गाठून देईन. अलिबागच्या इस्राएल आळीत, पेण-पनवेलला, मुंबईत कुणाकडे या समाजाची जुनी मराठी छापील पुस्तकं, कीर्तनाच्या वह्या, पत्रं असतील तर ती रद्दीत देऊ नका, ग्रंथालयात द्या. मराठी बोलणारी इथली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. जे करायचं ते या चार-पाच वर्षांत करावं लागेल.