सड्यावरचं पाणी

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला निघालं, की साखरतरचा पूल, कासारवेली, बसणी करत आपण आऱ्यात येतो. पुढे रस्ता घाट चढतो आणि एका वळणावर प्रत्येक गाडी थांबते. खाली सुरूच्या बनाची हिरवी किनार, तिच्यापुढे आरे आणि वारे या दोन गावांच्या दोन पुळणी, मध्ये डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं. माणसं उतरतात, पश्चिमेकडे तोंड करून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी गेली तीस वर्षं त्या भागात येते आहे आणि बहुतेक वेळ समुद्राकडे पाठ करून उभी असते. माझा विषय त्या फोटो काढणाऱ्यांच्या पाठीमागे आहे. तो म्हणजे सडा.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या कातळाचं उघडं पठार म्हणजे सडा. मे महिन्यात तो काळा ठिक्कर पडतो, अनवाणी दोन पावलंही चालवत नाही. लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खाऊन इथला मूळचा काळा पाषाण कुजला, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि मागे लोह-ॲल्युमिनियमचा जाळीदार, तांबडा दगड उरला. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं, आणि तेच जगभर रूढ झालं. आपल्याकडे तो जांभा, आणि तासला की चिरा. कोकणातली घरं, गडगे, विहिरींचे काठ, देवळांच्या भिंती त्याच चिऱ्याच्या.

या दगडाला भोकं आहेत, आणि सगळी गोष्ट त्या भोकांत आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. सडा तो पितो. पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, तळाशी चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि वाट काढत डोंगराच्या कुशीत झऱ्यावाटे बाहेर पडतं. कोकणातली कितीतरी गावठाणं अशा झऱ्यांच्या ओळीवर वसलेली आहेत. वर सडा, मध्ये झरा आणि देऊळ, खाली वाडी, मग भातखाचरं, खाजण आणि समुद्र. हा उतार एकदा डोळ्यांत बसला, की रत्नागिरी जिल्ह्यातलं कुठलंही गाव ओळखीचं वाटायला लागतं.

जूनचा पहिला पाऊस झाला की आठवड्याभरात सड्यावर दीपकाडी उगवते. बोटभर मातीतून सरळ वर आलेला दांडा आणि त्यावर पांढरीशुभ्र फुलं. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, कारण कोकण आणि लगतचा पट्टा सोडला तर ती कुठे भेटत नाही. श्रावणात कातळातल्या डबक्यांत वायतुरा येतो, ओलसर जागी गेंदाचे पांढरे गोंडे आणि त्यांच्या पायाशी सीतेची आसवं. ही निळीजांभळी नाजूक फुलं बघून माणूस हळवा होतो, पण ती वनस्पती शिकारी आहे. मातीत नत्र जवळपास नाहीच, म्हणून मातीखाली सूक्ष्म पिशव्या लावून ती पाण्यातले किडे पकडते. त्याच डबक्यांत बेडकांची पिल्लं, भोवती टिटवीची अंडी, दगडाखाली फुरसं, संध्याकाळी रातवा. हा सगळा संसार चार महिन्यांत उरकतो. दिवाळीला सड्यावर गेलात तर वाळलेलं गवत दिसेल, आणि इथे काही नाही असं वाटून तुम्ही परताल.

असं वाटूनच सरकारी कागदांत सडा पडीक झाला आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराब असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असा कातळ ओसाड खडकाळ या गटात जातो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सर्वेक्षणाचे तक्ते भरायचं काम माझ्याकडे आलं होतं. शेती, बागायत, वन, पडीक असे रकाने. आरे-वारेच्या मागच्या सड्यांपुढे मीही ‘पडीक’ लिहिलं, माझ्याच अक्षरात. तो शब्द मला अजून टोचतो. हा लेख लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

मला सडा वाचायला कोणा प्राध्यापकानं शिकवलं नाही. ते श्रेय एका ग्रामदेवतेच्या म्हाताऱ्या गुरवाचं. देवळामागच्या देवरहाटीत मी झाडं मोजत होते. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, ओवळ, आणि या झाडांना एकमेकांशी बांधणारे मांडीएवढे जाड गारंबीचे वेल. एवढी दाट राई अशा उतारावर टिकली कशी, असं मी त्यांना विचारलं. देवीचा कौल घेतल्याशिवाय इथली फांदी तुटत नाही, हे उत्तर मला अपेक्षित होतं. ते म्हणाले, “बाय, देवीला पानी कुठनं येतं ता बघ आदी.” आणि मला वर घेऊन गेले, सड्यावर. तिथे एका खोलगट भागात दगडांचं छोटं कोंडाळं होतं, त्यावर नारळ फोडल्याच्या खुणा. गावाची राखण तिथे देतात. त्या खोलगट भागातलं पाणी बरोबर खाली देवीच्या टाक्याला निघतं, असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या पावसाळ्यांत मी ते उतार पुन्हा पुन्हा चालले. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. राईनं झरा राखला होता, पण राईला पाणी सडा देत होता, आणि गावानं नारळ दोन्हीकडे ठेवला होता.

तेव्हापासून मी देवळात गेले की आधी पाण्याची वाट शोधते. गणपतीपुळ्याला लोक रांगेत उभे राहून दर्शन घेतात आणि गाभारा बघून निघतात. तिथली खरी प्रदक्षिणा मात्र गाभाऱ्याभोवती नाही, देवळामागच्या अख्ख्या डोंगराभोवती आहे, साधारण एक किलोमीटरची. कारण तिथे डोंगरच देव मानलेला आहे. मला कोकणच्या देवधर्मातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ज्या डोंगराला आपण उजवी घालतो, तो कोणी पोखरायला घेतला तर आपण गप्प बसू का?

दक्षिणेला राजापूर तालुक्यात कशेळीचा कनकादित्य. सूर्याची देवळं मुळात थोडी, त्यात हे किनाऱ्यावरचं. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं ११९१ साली दिलेल्या दानाचा ताम्रपट इथला. देवाची मूर्ती गलबतातून आली आणि समुद्राकाठच्या देवघळीत ठेवली गेली, अशी कथा गाव सांगतं. पण मी कशेळीला जाते ती देवळापेक्षा कितीतरी जुन्या गोष्टीसाठी. तिथल्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलेला आहे, आणि त्याच्या पोटात, भोवती, इतर प्राणी आणि मासे. उंच जागेवरून बघितल्याशिवाय तो पुरा नजरेत मावत नाही. माणसानं तो वाकून, बसून, दगडानं दगड खोदून काढला. स्वतःला तो एकदम कधी दिसणार नाही हे ठाऊक असूनही.

सड्यांवरची अशी कातळशिल्पं रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी पालथे घालून, गुराख्यांना विचारत उजेडात आणली. आज हजाराहून अधिक आकृती नोंदल्या आहेत. २०२२ साली त्यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती गडगा घालून बघायला उंच जागा केली. बारसूला दोन वाघांमध्ये उभा माणूस आहे. काही सड्यांवर चक्क गेंडा आहे, आणि गेंडा आज कोकणात नाही. शेतीचं चित्र मात्र कुठे नाही, म्हणून अभ्यासक हा काळ शेतीच्या आधीचा, शिकारीवर जगणाऱ्या माणसांचा मानतात. माझ्यासारख्या वनस्पतीवालीला त्यातून एक गोष्ट कळते. त्या माणसांना सडा पडीक वाटला नव्हता. सांगण्यासारखं जे होतं ते लिहायला त्यांनी हाच फळा निवडला.

शिकारीवर आणि गोळा करून जगणारी माणसं कोकणातून संपलेली नाहीत. देवळं आणि प्राणी दाखवणाऱ्या सहलींत ती दिसत नाहीत, एवढंच. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा जंगल कायद्यांनी हिरावला आणि माणसं कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर पांगली. मी ज्या कातकरी वाडीवर जाते तिथल्या एका बाईंना पहिल्या पावसात मुठेकुर्ले नेमके कुठल्या बिळातून निघतील ते ठाऊक असतं. कडू कंद कोणता, किती वेळ उकळायचा आणि कुठल्या पाण्यात ठेवायचा, हेही. माझ्या नमुन्यांच्या पुस्तकात ज्या वेलीला मी दोन वर्षं नाव देऊ शकले नव्हते, तिचा उपयोग, फुलण्याचा आठवडा आणि कुठलं जनावर ती खातं हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घराघरांत येते. कुणाचा मान नारळाचा, कुणाचा ढोलाचा, कुणाचा होळीच्या झाडाचा. पालखी नाचताना मला भरून येतं, हे मी लपवत नाही. पण मी पाहिलेल्या गावांच्या मानाच्या यादीत कातकऱ्यांचं नाव कधी ऐकलं नाही. राई ज्यांच्या पायाखालची, त्यांना राईच्या देवाकडे जागा नसावी, हे मला खुपतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं अशा असुरक्षित जमातींसाठी पीएम-जनमन अभियान सुरू केलं. घरं, रस्ते, पाणी त्यातून मिळावं. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते मात्र आपण मागायला हवं, आदरानं, आणि त्यांच्या नावानं लिहून ठेवायला हवं.

गावानं ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. कोकणातल्या बहुतेक देवळांत देवासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे होतो. वेळासच्या पुळणीवर मात्र खऱ्या कासवांची अंडी उकरून नेली जायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाची पाहणी करत तिथे पोचले आणि त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. मग गावालाच सोबत घेऊन त्यांनी घरटी राखली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आता मालगुंडपासून गावखडीपर्यंत ठिकठिकाणी गावकरी घरटी सांभाळतात. अंडी उकरणारे हातच ती जपू लागले. सड्याच्या बाबतीत हे अजून व्हायचं आहे.

कारण सडा झपाट्यानं जातो आहे. चिरेखाण आली की सड्याचं वरचं कवच कापलं जातं. हापूसच्या बागेसाठी सुरुंगानं खड्डे फोडून बाहेरची माती भरतात. आंब्यावर इथली घरं चालतात, चिऱ्यानं इथली घरं उभी राहतात, आणि त्या कष्टाच्या आड येण्याचा मला अधिकार नाही. पण कुठला सडा फोडायचा आणि कुठला ठेवायचा, एवढा विचार तरी व्हावा. मे अखेरपर्यंत वाहणारे दोन झरे माझ्या डोळ्यांदेखत मार्चमध्ये आटू लागले आहेत. दोन्हींच्या डोक्यावरचा कातळ आता जागेवर नाही. एका ठिकाणी देवीच्या टाक्यात टँकरचं पाणी ओततात.

हा अंक मुंबई, ठाणे, पुण्यात वाचणाऱ्या अनेकांची नावं कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या सामाईक सातबाऱ्यावर आहेत. पोटखराब म्हणून आजोबांनी कधी बघितला नाही असा एखादा सडा त्यात असेल, आणि विकायची सही मागायला कोणीतरी येईल. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याआधी एकदा श्रावणात गावी जा, गुरवाला किंवा एखाद्या म्हाताऱ्या बाईला बरोबर घेऊन वर चढा, आणि या सड्यावरचं पाणी खाली कुठे निघतं ते विचारा.