नाव सांगताना

वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेचे भय फारसे वाटले नाही. भय वाटले ते मुलाखतीतील पहिल्याच सूचनेचे : ‘स्वतःविषयी सांगा.’ अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून आलेल्या आमच्या ओठांवर नाव सहज येई, आडनाव मात्र अडखळे. ते ऐकताच समोरची नजर बदलते, हा अनुभव आमच्यापैकी अनेकांच्या गाठीशी होता.

अशा वेळी बाबासाहेबांचे स्मरण होई. कोलंबिया विद्यापीठात व लंडनला शिकून १९१७ साली ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा निवाऱ्यासाठी त्यांना पारशी नाव धारण करावे लागले. खरी ओळख उघड होताच तो निवाराही सोडावा लागला. आज आपण आपल्या नावानिशी उमेदवार म्हणून बसतो, ही त्यांच्या संघर्षाची देणगी आहे.

म्हणून धाकट्या भावंडांना आमचे सांगणे आहे : नाव, आडनाव, गाव स्पष्ट उच्चारा. वडील शेतमजूर असतील तर तसेच सांगा. मात्र दारिद्र्याची कैफियत न मांडता केलेले काम मांडा. कापूसवेचणीचे दिवस, वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा ठेवलेला हिशेब, लहानग्यांचा घेतलेला अभ्यास, हे सारे पात्रतेचेच पुरावे आहेत. वऱ्हाडी वळणाची लाज बाळगू नका. दीड-दोन मिनिटांत थांबा. न फुगवता, न लपवता बोलणे हीच सम्यक वाचा.

मुलाखतीस जाण्यापूर्वी आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाही समोर बसून हा परिचय एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आमची दारे उघडी आहेत.